जंतू गिळले, पण मेले नाहीत

वारसा आणि जंतुसंसर्ग यांचे नाते उलगडणाऱ्या एका बालविकाराचा इतिहास

१९५२ साली अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. या मुलाला पुन्हा पुन्हा न्यूमोकॉकस जंतूंचा संसर्ग होत असे. त्याच्या रक्तातील प्रथिने तपासली तेव्हा गॅमा ग्लोब्युलिन हा भाग जवळजवळ नव्हताच. प्रतिपिंडे याच भागात असतात. बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन टोचल्यावर मुलाचे आजार थांबले. शरीराचे संरक्षण करणारे एखादे द्रव्य जन्मतःच नसू शकते आणि ते बाहेरून पुरवता येते, हे या एका रुग्णाने दाखवून दिले.

त्यानंतर वारंवार आजारी पडणाऱ्या प्रत्येक मुलाचे गॅमा ग्लोब्युलिन मोजण्याची पद्धत पडली आणि लवकरच एक कोडे उभे राहिले. १९५४ साली बॉस्टनच्या डॉ. चार्ल्स जेनवे यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलांची नोंद केली. या मुलांना सतत गळवे होत, गाठी पिकत, फुप्फुसे बिघडत. पण त्यांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन कमी नव्हते, उलट नेहमीपेक्षा जास्त होते. १९५७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील बेरेन्डेस, ब्रिजेस आणि गुड यांनी अशाच चार मुलग्यांचे वर्णन केले. त्यांच्या यकृतात, फुप्फुसात व लसीका ग्रंथींत पेशींचे पुंजके साठून गाठी झाल्या होत्या. अशा गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. तेव्हा हा आजार प्राणघातकच ठरत असे, आणि त्याचे पहिले नावही तसेच होते. पुढे त्याला 'क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीझ' हे नाव मिळाले. आपण त्याला सी.जी.डी. म्हणू.

प्रतिपिंडे भरपूर, पांढऱ्या पेशींची संख्याही भरपूर, तरी साध्या गळवातील जंतू जीव घेतात. मग कमी होते ते काय?

मेचनिकॉफचा काटा आणि परळचा शिष्य

या प्रश्नाचे मूळ थेट १८८२ सालापर्यंत जाते. इटलीतील मेसिना येथे रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी झाली होती. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या या पेशींना आपण भक्षकपेशी म्हणतो. या कामासाठी मेचनिकॉफ यांना १९०८ सालचे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले.

मेचनिकॉफ यांचा ओडेसा येथील एक विद्यार्थी मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. तो म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या प्लेगमध्ये ते मुंबईत आले, १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि परळमधील त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. सी.जी.डी.चा भारतातील अभ्यासही मोठ्या प्रमाणात याच परळमध्ये झाला. त्याकडे आपण पुढे येऊच.

भक्षकपेशी जंतू गिळते तेव्हा तिचा ऑक्सिजनचा वापर एकदम वाढतो, हे १९३३ साली बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांच्या लक्षात आले होते. गिळण्याच्या श्रमासाठी हा जादा ऑक्सिजन लागत असावा असे तेव्हा वाटले. खरे कारण कळायला तीन दशके गेली आणि ते सी.जी.डी.च्या मुलांमुळे कळले. १९६६-६७ मध्ये मिनेसोटातील होम्स, क्वी, विंडहॉर्स्ट आणि गुड यांनी या मुलांच्या भक्षकपेशी जंतूंबरोबर परीक्षानळीत ठेवल्या. पेशींनी जंतू व्यवस्थित गिळले. पण काही तासांनी पाहिले तर गिळलेले जंतू जिवंतच होते. ऑक्सिजनचा वापरही वाढला नव्हता.

म्हणजे हा जादा ऑक्सिजन गिळण्यासाठी नसतो, मारण्यासाठी असतो. भक्षकपेशीच्या पटलावर एक विकर असते. ते ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड बनवते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड व इतर तीव्र द्रव्ये तयार होतात. सी.जी.डी.मध्ये हे विकरच निकामी असते. पेशी जंतूला तोंडात धरते, पण चावू शकत नाही. जंतू आतच सुरक्षित राहतो, प्रतिजैविकेही त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, आणि शरीर त्या भागाभोवती आणखी पेशी पाठवत राहते. त्यातूनच गाठी होतात.

निळा रंग आणि आईच्या पेशी

१९६७ मध्ये बेनर आणि नेथन यांनी एक सोपी चाचणी उपयोगात आणली. नायट्रोब्लू टेट्राझोलियम हे पिवळसर रंगद्रव्य सुपरऑक्साइडमुळे गडद निळे होते. निरोगी भक्षकपेशीत निळे कण दिसतात, सी.जी.डी.च्या पेशीत दिसत नाहीत.

हीच चाचणी रुग्णांच्या आयांवर केली तेव्हा एक विलक्षण दृश्य दिसले. आईच्या काही पेशी निळ्या होत्या, काही कोऱ्या. सरसकट फिकट निळ्या नव्हत्या, दोन स्वतंत्र जाती होत्या. मेरी लायन या ब्रिटिश संशोधिकेने १९६१ मध्ये मांडले होते की, स्त्रीच्या प्रत्येक पेशीतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गर्भावस्थेतच बंद पडते आणि कोणते बंद पडावे हे प्रत्येक पेशीत योगायोगाने ठरते. विंडहॉर्स्ट यांच्या १९६७ च्या लेखाने माणसातील हा परिणाम भक्षकपेशींत उघड दाखवला. दोषी जनुक एक्स गुणसूत्रावर होते. मुलाला एक्स गुणसूत्र एकच, तेही आईकडून. म्हणून तो आजारी. आईकडे दोन, म्हणून तिच्या निम्म्याच्या आसपास पेशी चांगल्या, आणि जंतू मारायला तेवढ्या पुरतात.

तोपर्यंतच्या बहुतेक रुग्णांत मुलगेच होते. त्यामुळे चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटले. सी.जी.डी. हा मुलग्यांचा रोग, तो आईकडून येतो, असे पाठ्यपुस्तकांत लिहिले गेले.

तीन बहिणी

१९६८ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात तीन सख्ख्या बहिणींची हकीकत आली. तिघींनाही सी.जी.डी. होता. एक्स गुणसूत्राच्या नियमात त्या बसत नव्हत्या. अशी आणखी कुटुंबे सापडू लागली. त्यांत आईच्या पेशी अर्ध्या निळ्या, अर्ध्या कोऱ्या नसत. आई आणि वडील दोघांच्याही पेशी चाचणीत निळ्या होत. हा अलिंगी, अप्रभावी वारसा होता. दोषी जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून आली तरच मूल आजारी पडते, मग ते मुलगा असो वा मुलगी.

पण एकाच रोगाला दोन वारसे कसे? याचे सुंदर उत्तर १९८४ मध्ये नेदरलँड्समधील हामर्स आणि सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी लिंगसंलग्न प्रकारच्या रुग्णाची आणि अलिंगी प्रकारच्या रुग्णाची अशा दोन भक्षकपेशी एकमेकींत मिसळून एक संकरित पेशी केली. दोन्ही मूळ पेशी निकामी होत्या, पण संकरित पेशी निळी झाली! एकीकडे जे नव्हते ते दुसरीकडे होते. याचा अर्थ हे विकर एका भागाचे नाही, अनेक भागांचे यंत्र आहे आणि त्या भागांची जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत.

पुढची वर्षे हे भाग शोधण्यात गेली. १९८६ मध्ये हार्वर्डमधील ऑर्किन, रॉयर-पोकोरा आणि सहकाऱ्यांनी एक्स गुणसूत्रावरील जनुक वेगळे केले. त्यातून कोणते प्रथिन बनते हे आधी माहीत नसताना, केवळ गुणसूत्रावरील जागेवरून शोधलेले हे माणसाचे पहिले रोगजनुक होय. त्याचे प्रथिन जीपी-९१ म्हणून ओळखले जाते आणि तो यंत्राचा गाभा आहे. पी-२२ (१६ वे गुणसूत्र) हे त्याला पटलात धरून ठेवते. पी-४७ (७ वे) आणि पी-६७ (१ ले) हे पेशीच्या द्रवात असतात आणि जंतू गिळताच गाभ्याला येऊन जुळतात. याखेरीज आणखी दोन दुर्मिळ प्रकार २००९ व २०१८ मध्ये नोंदले गेले.

वारसा आणि आजाराची तीव्रता

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वारसा वेगळा असला तर संसर्गही वेगळे होतात का?

अमेरिकेतील ३६८ रुग्णांची नोंदवही २००० साली प्रसिद्ध झाली. लिंगसंलग्न प्रकाराच्या मुलांचे निदान सरासरी तिसऱ्या वर्षी झाले होते, अलिंगी प्रकारात जवळजवळ आठव्या वर्षी. लिंगसंलग्न प्रकारात गुदद्वाराजवळची गळवे, पिकणाऱ्या गाठी, रक्तात जंतू पसरणे आणि जठराचा मार्ग अडणे अधिक दिसले. नोंदीतील लिंगसंलग्न रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के दगावले होते, अलिंगी रुग्णांपैकी सुमारे ९ टक्के.

कारण यंत्राच्या रचनेत आहे. विहिरीवरचा पंप घ्या. मोटरच नसेल तर पाण्याचा थेंब येणार नाही. मोटर चांगली असून स्टार्टर खराब असेल तर ती अधूनमधून फिरेल, थोडे पाणी येईल. जीपी-९१ ही मोटर आहे, पी-४७ हा स्टार्टर. अलिंगी प्रकारात सर्वांत जास्त आढळणारा दोष पी-४७ चा असतो. अशा पेशींत सुपरऑक्साइडचा अगदी अल्प अंश उरतो आणि तो अंशही उपयोगी पडतो. अलिंगी प्रकारातही पी-२२ किंवा पी-६७ नसेल तर आजार लिंगसंलग्न प्रकाराइतकाच कठीण असू शकतो. आणि लिंगसंलग्न प्रकारातही काही कुटुंबांत जीपी-९१ थोडेसे काम करते, तेथे आजार सौम्य असतो.

२०१० मध्ये २८७ रुग्णांच्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले. आयुर्मानाचा अंदाज वारशाच्या नावापेक्षा पेशीत उरलेल्या सुपरऑक्साइडच्या प्रमाणावरून अधिक चांगला लागतो. वारसा ही बाटलीवरची चिठ्ठी आहे. चिठ्ठी उपयोगी असते, पण बाटलीत किती शिल्लक आहे हे पाहावेच लागते.

वाहक स्त्रियांनाही हेच लागू पडते. एक्स गुणसूत्र बंद पडण्याची क्रिया योगायोगाची असल्याने क्वचित एखाद्या स्त्रीत बहुतेक चांगलीच गुणसूत्रे बंद पडतात. काम करणाऱ्या पेशी १० टक्क्यांच्या खाली गेल्या तर तिलाही सी.जी.डी.सारखे संसर्ग होऊ शकतात. 'मुलग्यांचा रोग' ही समजूत येथे दुसऱ्यांदा खोटी ठरते.

जंतूंची यादी काय सांगते

यवतमाळच्या शिक्षकांना अप्रभावी वारसा नवा नाही. सिकलसेलच्या रक्ततपासणीमुळे वाहक आणि रुग्ण हे शब्द येथील आश्रमशाळांपर्यंत पोचले आहेत. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केली होती. सिकलसेलच्या मुलालाही संसर्गाचा धोका असतो, पण तो निराळा. त्याची प्लीहा लहानपणीच निकामी होते, त्यामुळे न्यूमोकॉकससारखे कवचधारी जंतू त्याला घातक ठरतात. सी.जी.डी.च्या मुलाला न्यूमोकॉकसचा विशेष त्रास होत नाही. त्याला छळतात ते स्टॅफिलोकॉकस ऑरियस, सेरेशिया, बर्कहोल्डेरिया, नोकार्डिया आणि अ‍ॅस्परजिलस ही बुरशी. म्हणजे कोणते जंतू पुन्हा पुन्हा येतात यावरून संरक्षणाची कोणती भिंत पडली आहे याचा अंदाज बांधता येतो.

सी.जी.डी.च्या यादीतील बहुतेक जंतूंकडे कॅटॅलेज हे विकर असते. न्यूमोकॉकसकडे ते नसते. तो स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो आणि दुबळी भक्षकपेशी तेच त्याच्यावर उलटवत असावी, असे स्पष्टीकरण १९६०च्या दशकाअखेर पुढे आले. पुढे उंदरांवरील प्रयोगांत कॅटॅलेज नसलेली बुरशीही घातक ठरली. म्हणून कॅटॅलेज ही ओळखीची खूण मानावी, संपूर्ण कारण मानू नये.

अ‍ॅस्परजिलस कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, ओलसर कुटारात व कंपोस्टच्या खड्ड्यात भरपूर वाढते. निरोगी मुलाला त्याचे बीजाणू काही करत नाहीत. सी.जी.डी.च्या मुलाने कुटाराच्या ढिगात खेळल्यावर किंवा उकिरडा उपसल्यावर काही दिवसांत फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. शेतीच्या जिल्ह्यात ही माहिती औषधाइतकीच मोलाची आहे.

परळमधील उत्तर

सुरुवातीला उल्लेखिलेल्या १९५२ सालीच मुंबईत आणखी एक शोध लागला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी के.ई.एम. रुग्णालयात 'बॉम्बे' रक्तगट ओळखला. तोही अप्रभावी वारशाचा नमुना होता. १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तेथे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. तीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था. हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी तिचे एक केंद्र आपल्या शेजारच्या चंद्रपूरला आहे. परळमध्ये हाकेच्या अंतरावरील वाडिया बालरुग्णालयातील डॉ. मुकेश देसाई आणि या संस्थेतील डॉ. मनीषा मडकईकर व सहकारी यांनी प्रतिकारक्षमतेच्या जन्मजात विकारांचे निदान महाराष्ट्रात रुजवले. त्यांनी ९० भारतीय सी.जी.डी. रुग्णांचा जनुकीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला.

पाश्चात्त्य नोंदींत साधारण दोनतृतीयांश रुग्ण लिंगसंलग्न प्रकारचे असतात. भारतीय रुग्णांत अलिंगी प्रकाराचा वाटा त्याहून लक्षणीय मोठा आढळला. याचे एक कारण नात्यातली लग्ने. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न पसंत केले जाते, हे इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात नोंदले आहे. गणित करून पाहू. समजा, आजोबांकडे दोषी जनुकाची एक प्रत आहे. ती नातवाकडे येण्याची शक्यता १/४, मामाच्या मुलीकडे येण्याचीही १/४. दोघेही वाहक असण्याची शक्यता १/१६ आणि त्यांचे मूल आजारी असण्याची १/६४. नातवाने नात्याबाहेर लग्न केले, आणि समाजात ५०० माणसांत एक वाहक आहे असे धरले, तर हीच शक्यता १/४ × १/५०० × १/४ म्हणजे १/८००० होते. लिंगसंलग्न प्रकारात मात्र नात्यातील लग्नाने मुलग्याचा धोका वाढत नाही, कारण त्याचे एक्स गुणसूत्र वडिलांकडून येतच नाही.

यातून एक गंभीर गोष्ट निघते. जेथे अलिंगी प्रकार जास्त, तेथे आजारी मुलीही जास्त असणार. पुस्तकातले 'मुलग्यांचा रोग' हे वाक्य डोक्यात ठेवून तपासणी केली, तर त्या मुली निदानाविना राहतील. त्यात मुलीच्या दुखण्याकडे घरातच दुर्लक्ष झाले, तर ती दवाखान्यापर्यंत पोचणारही नाही.

शिक्षकांनी काय करावे

आजार दुर्मिळ आहे. पाश्चात्त्य नोंदींनुसार दोन ते अडीच लाख जन्मांमागे एक. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २७ लाख ७२ हजार होती. हजारी १६ जन्म धरले तर वर्षाला सुमारे ४४ हजार बालके, म्हणजे पाचेक वर्षांत एखादे मूल. पण ते मूल कोणत्या तरी शाळेच्या हजेरीपटावर असते.

पुन्हा पुन्हा खोल गळवे, महिनोन् महिने वाहणाऱ्या मानेतल्या गाठी, वारंवार न्यूमोनिया, यकृतातील गळू, क्षयाची औषधे घेऊनही न हटणारे दुखणे, किंवा लहानपणी बी.सी.जी.च्या लसीनंतर काखेतील गाठ पिकून बराच काळ वाहिल्याची हकीकत, आणि घरातील एखादे भावंड किंवा मामा लहानपणीच दगावलेला असणे. यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पालकांना मूल वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवण्यास सांगावे. यांतील एखादी गोष्ट निरोगी मुलातही दिसते, म्हणून घाबरवू नये. आज निदान रक्ताच्या थोड्या नमुन्यावर, फ्लो सायटोमेट्री यंत्राने होते. रोज को-ट्रायमॉक्सॅझोल आणि बुरशीविरोधी इट्राकोनॅझोल दिल्याने संसर्ग पुष्कळ टळतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बराही होतो. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात अशा एकदाच कराव्या लागणाऱ्या उपचारांत सी.जी.डी.चा समावेश आहे, आणि मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक आहे.

वर्गात दोन प्रयोग सहज होतात. पहिला, बटाट्याच्या ताज्या फोडीवर औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, फेस येईल. बटाट्यातील कॅटॅलेज पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन करते. उकडलेल्या फोडीवर फेस येणार नाही. दुसरा, दोन नाणी एकदम उडवा. दोन्ही छापा म्हणजे अलिंगी प्रकाराचे आजारी मूल. शंभर वेळा उडवून मोजा. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने १/४ असते, हे विद्यार्थ्यांना तक्त्यावरून दिसेल. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, हा गैरसमज त्याने दूर होतो.

वंशावळीची आकृती शिकवताना मात्र कल्पित कुटुंब घ्यावे. विद्यार्थ्याला स्वतःच्या घरातील आजार फळ्यावर काढायला सांगू नये. आणि 'हा रोग आईकडून येतो' असे वाक्य वर्गात अर्धे सोडू नये. लिंगसंलग्न प्रकारात काही वेळा जनुकातला बदल मुलात नव्यानेच झालेला असतो. अलिंगी प्रकारात आईवडिलांचा वाटा सारखाच असतो. आणि कोणते जनुक पुढे जावे हे कोणीच ठरवत नसते. आजारी मुलाच्या आईला गावात ऐकावे लागणारे बोल कमी करायचे, तर वारशाचे हे तीन नियम विद्यार्थ्यांना शाळेतच नीट समजले पाहिजेत.